भट्टीवरून आलेली न्याहारी

भुसावळहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात : ‘मी जळगावला एका कार्यालयात नोकरी करते. गाडी गाठायची म्हणून सकाळी सव्वासातला घर सोडावे लागते. यजमान दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर असतात आणि पहिली पाळी असली की तेही माझ्या आधी बाहेर पडतात. मुलगा आठवीत आहे. तिघांच्या डब्यांची पोळी-भाजी करण्यातच सकाळ संपते आणि न्याहारी म्हणून आम्ही चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे खाऊन निघतो. अकराच्या सुमारास माझे डोके दुखू लागते, मग कोणीतरी बाहेरच्या गाडीवरून कचोरी आणते. यजमानांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) नुकतीच ६.१ टक्के आली आहे. गॅस न पेटवता, दहा मिनिटांत होईल आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देईल असे काही सुचवाल का? डब्यातले कॉर्नफ्लेक्स आणावेत का? सासूबाई म्हणतात की, सकाळी थंड आणि कोरडे खाल्लेले अंगाला लागत नाही, आणि केळे-दूध तर एकत्र घेऊच नये. शनिवारी तरी खारी चालेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे लक्ष तिघांच्या डब्यांवरच अडले. तुम्ही ‘गॅस न पेटवता’ असे म्हणता खरे, पण तुमच्या घरचा गॅस पहाटेपासून पेटलेलाच आहे. एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला कढई, आणि मध्ये उभ्या तुम्ही. तेव्हा तुम्हाला वाचवायचे आहेत ते तुमचे दोन हात आणि ती पाऊण तासाची घाई. असे पाहिले की प्रश्न पुष्कळ सोपा होतो, कारण मग न्याहारी अशी हवी की जी तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही ताटलीत वाढून घेता येईल.

‘न शिजवता’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कच्च्या भाज्यांचा ढीग किंवा परदेशी चित्रे असलेले खोके येते. प्रत्यक्षात आपल्या किराणा दुकानात निम्मा माल असा असतो की ज्याचे शिजवणे आधीच दुसऱ्या कोणीतरी उरकलेले असते. पोहे घ्या. भात भिजवून, भाजून, कांडून ते चपटे केलेले असतात, म्हणून तर नुसत्या पाण्याने मऊ होतात. मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, डाळे, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याच्या लाह्या, हे सगळे भट्टीवरून किंवा कढईतून उतरून तुमच्यापर्यंत येतात. भडभुंज्याच्या दुकानात कधी पाच मिनिटे उभ्या राहा. खोलगट कढईत काळी पडलेली वाळू तापलेली असते, त्यात हरभऱ्याचे ओंजळभर दाणे पडतात, मोठ्या झाऱ्याने दोन-चारदा खालीवर होतात, तडतड सुरू होते आणि लगेच सगळे चाळणीत ओतले जाते. वाळू खाली, फुटाणे वर. जेमतेम मिनिटभराचा तो खेळ असतो. तेवढ्या विस्तवात दाण्याचा कच्चेपणा जातो, ओल उडते आणि तो टिकाऊ होतो. तुम्हाला घरी जो गॅस पेटवायचा नाही, तो तिथे पेटलेला आहे.

माझे आजोळ अमळनेर तालुक्यातले. आजीच्या घरात पत्र्याचा एक उभा डबा असे आणि त्यात सातूचे पीठ. शेतावर निघालेल्या माणसाला ती ‘न्यारी करी ले, मंग जाय’ असे म्हणत पितळी वाटीत ते पीठ कालवून देई. त्या काळी कोणाला वेळ नव्हता असे आपण समजत नाही, पण पेरणीच्या दिवसांत पहाटे चारला बाहेर पडणाऱ्या बायकांइतकी घाई आपल्यालाही नसते. सातू म्हणजे खरे तर जव. आपल्याकडे मात्र बहुतेक घरी हे पीठ गव्हाचे आणि डाळ्यांचे करतात. गहू धुऊन, थोडा वेळ भिजवून, उपसून, कपड्यावर सुकवून खमंग भाजायचे, गव्हाच्या निम्मे डाळे घालायचे, जिरे आणि सुंठेचा तुकडा टाकून गिरणीतून दळून आणायचे. एका रविवारचे हे काम आहे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर पुरते. गिरणीवाल्याला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर मिरची दळल्यानंतर तुमचा नंबर लागायचा.

पीठ कालवण्याची एक रीत आहे आणि ती चुकली की मुले हे पीठ पुन्हा तोंडात घेत नाहीत. पेलाभर दुधात किंवा ताकात पीठ टाकून ढवळले तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कोरड्या राहतात. आधी वाटीत चार मोठे चमचे पीठ घ्यावे, त्यात दोनच चमचे पाणी घालून बोटाने रगडून त्याचा घट्ट लेप करावा, आणि मग त्यावर थोडे थोडे दूध किंवा ताक ओतत जावे. मुलासाठी दुधात गूळ विरघळवून घ्यावा. तुमच्या यजमानांसाठी गूळ नको, ताक, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ पुरे. चार चमचे म्हणजे साधारण ४० ग्रॅम पीठ, त्यातून पाच ते सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पेलाभर दुधातून आणखी सहा-सात ग्रॅम. उभ्या उभ्या दोन मिनिटांत पिऊन होते, आणि तरीही ते नुसत्या पेयासारखे पोटातून निसटत नाही.

प्रथिनांचा हिशेब मी मुद्दाम मांडते आहे, कारण तुमच्या अकरा वाजताच्या डोकेदुखीचे मूळ बहुधा तिथेच असावे. चहा-खारीमध्ये मैदा, साखर आणि वनस्पती तूप असते. पोट भरल्यासारखे वाटते, साखर पटकन वर चढते, आणि दोन-अडीच तासांत पुन्हा भूक लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या बाईला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. त्यांतले बारा ते पंधरा ग्रॅम सकाळीच पोटात गेले तर दुपारपर्यंतचा वेळ बराच सुसह्य जातो. चार बिस्किटांतून जेमतेम दोन ग्रॅम मिळतात. डोकेदुखी न्याहारी सुधारूनही राहिली तर मात्र रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सगळे खापर खारीवर फोडून मोकळे होऊ नका.

सर्वांत हुकमी पदार्थ मला दहीपोहे वाटतात. जाड पोहे असतील तर रोळीत धुऊन दहा मिनिटे निथळत ठेवावे लागतात. पातळ पोह्यांवर पाण्याचा नुसता हबका पुरतो, म्हणून घाईच्या घरात पातळच आणावेत. दोन मोठ्या मुठी पोहे, वाटीभर दही, दोन चमचे दाण्याचा कूट, चोचवलेली काकडी, मीठ, कोथिंबीर आणि लिंबाच्या चार थेंबांचा हात. फोडणीशिवाय चव येत नाही अशी तक्रार खानदेशी माणूस करणारच. तर रविवारी हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा करून बरणीत घालून शीतकपाटात ठेवा आणि त्यातला अर्धा चमचा दह्यात कालवा. अशा ताटलीत साधारण ५० ग्रॅम पोह्यांचे साडेतीन, १५० ग्रॅम दह्याचे पाच आणि २५ ग्रॅम कुटाचे सहा असे मिळून चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिने होतात. लिंबू केवळ चवीसाठी नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्या-कडधान्यांतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहा याच्या अगदी उलट वागतो. त्यातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात, म्हणून चहा न्याहारीच्या घासाघासाबरोबर न घेता तासाभराने, कार्यालयात पोहोचल्यावर घ्यावा. एवढा एक बदल केला तरी बऱ्याच बायकांच्या पित्ताच्याही तक्रारी कमी होतात, कारण रिकाम्या पोटी जाणारा पहिला चहाच तेवढा टळतो.

आता केळे. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याबद्दल सल्ला द्यायचा म्हणजे माहेरच्या माणसांना माहेराची वाट सांगण्यासारखे आहे. रावेर-यावलच्या केळ्यांनी भरलेल्या गाड्या उत्तरेकडे जातात, २०१६ मध्ये जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्या घरी मात्र केळे एकतर उपवासाला नाहीतर सत्यनारायणाच्या प्रसादाला येते. सकाळी ते अवश्य खा, पण नुसत्या केळ्याला न्याहारी समजू नका. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे शंभर उष्मांक, तीन ग्रॅम तंतू आणि चांगले पोटॅशियम असते. प्रथिने मात्र एका ग्रॅमच्या आसपासच. म्हणून त्याला जोडीदार द्यावा लागतो. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे हा सर्वांत स्वस्त जोडीदार. शिकरण करायची तर साखर बिलकूल न घालता, पिकलेले केळे दुधात कुस्करून त्यावर दोन चमचे सातूचे पीठ भुरभुरावे. तुमच्या आठवीतल्या मुलाला हे आवडेल असा माझा अंदाज आहे. केळी आणताना अर्धी फणी पिवळी आणि अर्धी अजून हिरवट अशी घ्या, म्हणजे बुधवारपर्यंत सगळी एकदम काळी पडणार नाहीत.

केळे-दुधाबद्दल सासूबाई म्हणतात त्याला आधार नाही असे नाही. आयुर्वेदात दूध आणि काही फळे यांचा संयोग विरुद्ध आहारात धरला आहे. आजच्या पोषणशास्त्राला निरोगी माणसाने ते एकत्र घेण्यात अपाय दिसत नाही. महाराष्ट्रात शिकरण-पोळी कित्येक पिढ्या खाल्ली गेली आहे, हेही सासूबाईंना ठाऊक असेलच. माझे मत असे की, ज्याला दूध-केळ्याने कफ झाल्यासारखे किंवा पोट जड झाल्यासारखे वाटते त्याने ते सोडावे आणि केळे दाण्यांबरोबर खावे; एका केळ्यासाठी घरात वाद घालण्याइतकी त्याची मातब्बरी नाही. थंडपणाचा मुद्दा मात्र मला त्यांच्या बाजूचा वाटतो. शीतकपाटातून काढलेले दही तसेच खाल्ले की अनेकांचे दात आणि घसा दोन्ही कुरकुरतात. उठल्याबरोबर दह्याचे भांडे बाहेर काढून ठेवावे; आंघोळ उरकेपर्यंत ते खोलीच्या तापमानाला येते.

यजमानांची साखर ६.१ म्हणजे अजून मधुमेह नव्हे, ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व अवस्थेचा समजला जातो, आणि खाण्यात बदल करून मागे फिरता येण्याची आशा याच टप्प्यावर सर्वाधिक असते. म्हणून त्यांच्या वाढणीत थोडा फरक करा. मुरमुरे, साळीच्या लाह्या आणि पातळ पोहे हे हलके वाटतात, पण त्यांचे पिष्ट लवकर पचते आणि साखर भरभर चढते. त्यांनी ते खाल्ले तरी कमी घ्यावेत आणि दही, दाणे, फुटाणे, काकडी यांचे प्रमाण दुप्पट ठेवावे. गूळ आणि मध साखरेपेक्षा निराळे नाहीत, हे त्यांच्या बाबतीत विसरू नये. फळांचा रस नको, अख्खे फळ हवे. हिवाळ्यात पेरू मिळतो तोवर त्याच्यासारखे दुसरे फळ नाही, आणि मेहरूणची बोरे आली की तीही चालतील. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीच, तर न्याहारीची वेळ आणि प्रमाण त्यांना विचारूनच ठरवा.

त्यांच्यासाठी मला त्याहून चांगली गोष्ट सुचते ती म्हणजे रात्रीची कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या त्या पिठात धान्य आणि कडधान्य अशी जोडी आपोआप जमते, आणि त्या दोघांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. रात्री भाकऱ्या थापायच्याच असतात, तेव्हा एक जास्त थापा. ती वाफ जाऊ देऊन सुती कापडात गुंडाळून ठेवा, डब्यात गरम असताना कोंडू नका. सकाळी वाटीत भाकरी चुरायची, वर दही किंवा घट्ट ताक ओतायचे, कच्चा कांदा चिरून घालायचा, शेंगदाण्याची लाल चटणी आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाला हे चार घास पहाटे सहाला जितके आवडतील तितके ओट्स आवडणार नाहीत. ‘शिळे’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण नीट भाजलेल्या भाकरीत ओल कमी असते आणि ती रात्रभरात बिघडत नाही. मात्र आंबूस वास आला किंवा मोडताना तार सुटली तर ती गुरांकडे जाऊ द्या. हाच न्याय भाताला लावू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात की ज्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दहीभात सकाळी खायचा तर उरलेला भात रात्रीच शीतकपाटात गेला पाहिजे.

ओट्सचे नाव निघालेच आहे तर सांगते. रात्री भिजवून सकाळी खायच्या ओट्सची हल्ली फार चलती आहे, आणि ती वाईट नाहीत. चपटी केलेली ओट्स वाफवूनच लाटलेली असतात, म्हणजे तीही आपल्या पोह्यांचीच परदेशी मावसबहीण. ही कल्पना झुरिचच्या बिर्चर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी १९००च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी रूढ केली, पण त्यांच्या मूळ वाटीत ओट्स चमचाभरच आणि बाकी सगळे किसलेले सफरचंद असे. आज विकत मिळणाऱ्या मिश्रणात प्रमाण नेमके उलटे झालेले असते आणि वर साखर चढलेली. तुम्हाला हवी असतील तर साधी, बिनचवीची ओट्स आणा, रात्री अर्धी वाटी ओट्स वाटीभर दह्यात कालवून शीतकपाटात ठेवा, सकाळी त्यात एखादे फळ चिरा आणि चमचाभर भाजलेले तीळ घाला. ओट्स महाग वाटली तर नागलीचे भाजलेले पीठ किंवा ज्वारीच्या लाह्या त्याच जागी चालतात; मला स्वतःला लाह्याच अधिक आवडतात, कारण दह्यात पडल्यावर त्या मऊ होतात पण चिकट होत नाहीत.

कॉर्नफ्लेक्सचा प्रश्न मी खोक्याच्या मागच्या बाजूवर सोडते. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर असली तर खोके परत ठेवा. चार ग्रॅम साखर म्हणजे एक छोटा चमचा, या हिशेबाने शंभर ग्रॅमची साखर मोजून पाहा. साधे, बिनसाखरेचे मक्याचे पोहे अधूनमधून खाल्ले तर काही बिघडत नाही, पण त्यांत प्रथिने कमी आणि तंतूही कमी, म्हणजे पुन्हा सगळा भार दुधावरच. चॉकलेटचे गोळे मात्र न्याहारी नसून मिठाई आहे, आणि मिठाईच खायची तर जळगावात त्याहून चांगली मिळते.

मोड आलेल्या कडधान्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तुम्हाला कोणी ना कोणी सल्ला देईलच, म्हणून आधीच लिहिते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मोड आलेली मटकी डब्यात भरून कामावर नेली होती, कच्ची, वर कांदा आणि लिंबू. अकराला डबा उघडला तेव्हा मटकी बुळबुळीत झाली होती. वास फारसा नव्हता, म्हणून मी ती खाल्ली, आणि पुढचे दोन दिवस ताक-भातावर काढले. ज्या ओल आणि ऊब यांत मोड फुटतात त्यांतच जंतूही फोफावतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे साथ पसरून हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले होते. तेव्हा कच्चे मोड शक्यतो नकोत. गर्भवती, वृद्ध आणि लहान मुलांना तर मुळीच नकोत. तुमच्या पोळ्या चाललेल्या असतात तेव्हाच शेजारच्या शेगडीवर पाच मिनिटे वाफवून घेतले तर ठीक, नाहीतर त्या जागी रात्रभर भिजवलेले शेंगदाणे घ्या. शेंगदाणे भिजवण्याआधी निवडायला विसरू नका. काळा पडलेला, सुरकुतलेला किंवा कडवट लागणारा दाणा बुरशीचा असू शकतो, आणि त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पूर्णपणे निष्प्रभ होत नाही.

उन्हाळ्याचा विचार तुमच्या गावी बाजूला ठेवून चालत नाही. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीला टेकतो, सकाळी नऊलाच अंगावर झळा येतात. अन्नसुरक्षेचा साधा नियम असा की नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावेत. जळगावचे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतच असले तरी घर, फलाट, गाडी, रिक्षा असे सगळे धरून तुमचे दीड तास सहज जात असतील. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत दही, दूध, चिरलेले फळ असले काही पिशवीत घेऊ नका. ते घरी खाऊनच निघा. वाटेसाठी कोरडा भत्ता घ्या. ज्वारीच्या लाह्या किंवा थोडे मुरमुरे, त्यांच्याइतकेच फुटाणे, शेंगदाणे, हवी तर थोडी सुकी चटणी, हे एका डब्यात. आणि अख्खा कांदा, अख्खी काकडी, अर्धी कैरी नि लिंबू दुसऱ्या पिशवीत. कार्यालयात पोहोचल्यावर चिरायचे आणि कालवायचे. बाजारच्या भत्त्यातली शेव आणि फरसाण यातून वगळले आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. मूठभर फुटाण्यांतून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. अकरा वाजता कचोरीऐवजी हाच डबा टेबलावर असू द्या, आणि तो सहकाऱ्यांपासून जपा, कारण पहिल्या आठवड्यात तो तुमच्या वाट्याला फारसा येणार नाही.

पोळी उरली असेल आणि मुलाची कुरकुर असेल तर मलिदा करा. पोळी कुस्करून, गूळ किसून, चमचाभर तूप आणि कूट घालून हाताने मळायचे. लाडू वळले तर मूल चालता चालता खाते. रोज नको, आठवड्यातून एकदा-दोनदा. अंडे चालत असेल तर रात्री स्वयंपाक आटोपताना तीन उकडून सालासकट शीतकपाटात ठेवावीत, सकाळी सोलायचा तेवढा एक मिनिट.

आता ते दोन हात. तुमच्या पत्रात ‘आम्ही चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे खाऊन निघतो’ असे आहे, पण ती ताटली रोज कोण मांडते, ते तुम्ही लिहिलेले नाही. मी अंदाज करू शकते. स्वयंपाक येत नाही ही सबब विस्तवापाशी चालते. दह्यात पोहे कालवायला, सातूचे पीठ रगडायला, केळे सोलायला कोणतेही कौशल्य लागत नाही, आणि आठवीतल्या मुलाला तर अजिबात नाही. यजमान आणि मुलगा यांनी आपापली वाटी आपण भरावी, हे या न्याहारीचे सर्वांत मोठे सुख आहे. त्यासाठी एकच सोय करा. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर, तुमच्या डोक्याच्या उंचीवर नव्हे तर मुलाच्या हाताला येईल अशा जागी, पोहे, लाह्या, फुटाणे, दाण्याचा कूट, सातूचे पीठ आणि तीळ यांचे सहा डबे ओळीने ठेवा, प्रत्येकात एक चमचा कायमचा. रात्री झोपण्याआधी दही विरजायचे काम मुलाकडे द्या. पहिले चार दिवस ओट्यावर पोहे सांडतील, दही कधी पातळ लागेल, आणि सासूबाई काही तरी बोलतील. सांडू द्या. त्यांना सातूचे पीठ भाजण्याच्या रविवारी गॅसपाशी बसवा. गहू किती भाजायचे हे त्यांच्याइतके मला सांगता येणार नाही, आणि त्यांच्या हाताने भाजलेले पीठ ‘कोरडे’ आहे असे त्या स्वतः म्हणणार नाहीत.

सगळे एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त पातळ पोहे, दही आणि कूट आणा. तेवढ्यावर सहा दिवस काढून पाहा आणि अकरा वाजता डोके काय म्हणते ते टिपून ठेवा. पुढच्या रविवारी सातू, त्यापुढे भत्त्याचा डबा.

शनिवारच्या खारीबद्दल. खा. पण दहीपोहे खाल्ल्यावर, तासाभराने, चहात बुडवून, एकच.